स्वस्त हँडी घेतली, पण ऐकू काहीच येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: महिन्यापूर्वी बाओफेंग यूव्ही-५आर हा हातात धरायचा रेडिओ सेट (हँडी) घेतला, हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा अजून व्हायची आहे. दिवसभर स्कॅनवर ठेवला तरी खरखरीपलीकडे काही येत नाही. क्लबातले एक ज्येष्ठ हॅम म्हणाले, 'हा कचरा आहे, याने बँड (हॅमना दिलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा) घाण होतो.' मित्र म्हणतो, दहा वॅटचा घे म्हणजे काम होईल. यातले खरे काय? आणि परवाना मिळाल्यावर माइकवर बोलायची भीती वाटते, तिचे काय करायचे?

आधी दहा वॅटचा विषय निकालात काढू, कारण तुमचे पैसे तिकडे जायच्या बेतात आहेत. वॅटचा आकडा सेट किती जोराने बोलतो ते सांगतो. तो किती ऐकतो याच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. आज पाच वॅटच्या सेटवर जी खरखर आहे, तीच दहा वॅटच्या सेटवर येईल. बोलतानाचा फायदाही वाटतो तेवढा नसतो. शक्ती दुप्पट केली की समोरच्याकडचा सिग्नल ३ डेसिबलने वाढतो, आणि सिग्नल मीटरवरचे एक घर, म्हणजे एक एस-युनिट, ६ डेसिबलचे असते. तुमची बॅटरी भराभर उतरते, सेट चांगलाच तापतो आणि समोरच्याच्या मीटरवर अर्धे घर वाढते. खोक्यावर ८ वॅट छापलेला एक सेट मी वॅटमीटरला लावला तेव्हा काटा साडेपाचावर थांबला होता. छापील आकड्यावर फार विसंबू नका.

व्हीएचएफ आणि यूएचएफच्या, म्हणजे हा सेट वापरतो त्या उच्च फ्रिक्वेन्सींच्या, लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून इथे सगळा खेळ उंचीचा आहे. एक सोपे सूत्र पाठ करून ठेवा. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. येईल तेवढे किलोमीटर तुमचे रेडिओ-क्षितिज. समोरच्याचेही काढा आणि दोन्हींची बेरीज करा. तुम्ही आणि मी सपाट मैदानावर उभे आहोत, सेट तोंडाजवळ, जमिनीपासून दीड मीटरवर, असे धरू. प्रत्येकाचे क्षितिज साधारण ५ किलोमीटर, दोघांचे मिळून १०. त्यापुढे मध्ये पृथ्वीच आडवी येते, आणि तिच्या आरपार दहा वॅटही जात नाहीत. मी तोच सेट घेऊन १५ मीटर उंच गच्चीवर चढलो की माझे क्षितिज १६ किलोमीटर होते. ४०० मीटर उंच डोंगरावरच्या रिपीटरचे, म्हणजे ऐकलेले लगेच पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राचे, एकट्याचेच ८२ होते. रिपीटर डोंगरावर बसवतात ते यासाठीच. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये, खोलीच्या आत बसून स्कॅन करणाऱ्याच्या पदरी निराशा येते तीही याचमुळे. तेव्हा पहिले काम हे करा: सेट घेऊन गच्चीवर जा.

आता रिकाम्या बँडबद्दल. यूव्ही-५आरचा स्कॅन फार सावकाश चालतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच तुकडा ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी चाळायचा म्हटला तरी ४०० पायऱ्या होतात. कोणी कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह, सांगून दहा सेकंदांत थांबले तर तुमचा स्कॅन तोवर भलत्याच टोकाला असतो. आणि हॅम मंडळी दिवसभर बोलत नाहीत. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रिपीटरवर नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक, भरते, लोक हजेरी लावतात, तासाभरात पांगतात. बाकीचा वेळ बँड रिकामाच असतो. त्यामुळे आंधळेपणाने चाळत बसू नका. क्लबातून चार गोष्टी विचारून घ्या: जवळच्या रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ऑफसेट, टोन आणि नेटची वेळ. या चार गोष्टी हातात आल्या की महिन्याभराची खरखर एका संध्याकाळीच संपते.

ऑफसेट आणि टोन म्हणजे काय ते सांगून टाकतो. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. दोन मीटरच्या बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) या दोन्हींतले अंतर बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ असते. टोन ही मानवी आवाजाखाली दबलेली मंद गुणगुण असते, ६७ किंवा ८८.५ हर्ट्झसारखी, आणि तुमच्या सिग्नलात ती सापडली तरच रिपीटर दार उघडतो. इथे नवशिक्यांची हमखास फसगत होते. मेनूत दोन वेगळे टोन असतात, टी-सीटीसीएस पाठवायचा आणि आर-सीटीसीएस ऐकायचा. नवीन माणूस दोन्हींत तोच आकडा भरतो. पण पुष्कळ रिपीटर आपल्या प्रक्षेपणात टोन पाठवतच नाहीत. मग तुमचा सेट त्याची वाट पाहत गप्प बसतो, आणि बँड मेला आहे असे तुम्हाला वाटते. आर-सीटीसीएस बंद ठेवा. त्याबरोबर स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय (मेनूत एसक्यूएल), १ वर आणा. सेव्ह बंद करा, नाहीतर बॅटरी वाचवायला सेट मधूनमधून झोपतो आणि समोरच्याचे पहिले अक्षर गिळतो. टीडीआर, म्हणजे एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सी ऐकण्याची सोय, हीसुद्धा तूर्त बंद करा. ती चालू असताना खालच्या ओळीवर कोणाचा आवाज आला की पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचे बटण) त्याच ओळीवर दाबले जाते, आणि तुम्ही वरच्या रिपीटरवर बोलतो आहोत असे समजून दुसरीकडेच बोलत राहता. रॉजर, म्हणजे बोलणे संपल्यावर वाजणारा 'टुंग', तोही बंद. तो ऐकून क्लबातल्या मंडळींच्या कपाळावर किती आठ्या पडतात हे मी पाहिले आहे.

हे सगळे बटणांवरून करायला गेलात तर वैताग येईल. चर्प नावाचे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते घ्या आणि सेट संगणकाला जोडा. एक शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. नवा चॅनेल भरायच्या आधी सेटमधले आहे तसे वाचून घ्या, ती फाइल जपून ठेवा आणि मगच बदल करा. काही बिघडले तर परतीची वाट तीच. केबलबद्दलही सांगतो, कारण मदतीसाठी आलेल्यांपैकी निम्मे लोक तिथे अडकलेले असतात. स्वस्त केबलींमध्ये नकली प्रोलिफिक चिप असते आणि नवा ड्रायव्हर ती ओळखायला नकार देतो. सीएच३४० किंवा एफटीडीआय चिपची केबल मागून घ्या. आणि सेटच्या बाजूच्या दोन भोकांत केबलचा प्लग घालताना 'टक' होईपर्यंत दाबा. प्लास्टिकच्या कडेमुळे तो आत गेल्यासारखा दिसतो, पण एक-दीड मिलिमीटर बाहेर राहिलेला असतो. सेट प्रतिसाद देत नाही असा संदेश आला की मी आधी अंगठ्याने प्लग दाबून पाहतो, आणि बहुतेक वेळा काम तिथेच होते.

पैसे खर्च करायचेच असतील तर अँटेनावर करा. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना खिशात मावते, तेवढाच तिचा गुण. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे २ मीटर लांब असते आणि तिचा पाव भाग अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. रबरी अँटेनात तेवढी तार स्प्रिंगसारखी गुंडाळून कोंबलेली असते, म्हणून तिच्यातून कमी सिग्नल बाहेर पडतो आणि कमीच आत येतो. शिवाय पाव लहरीच्या अँटेनाला खाली दुसरी बाजू लागते. हँडीत ती बाजू म्हणजे सेटचे धातूचे अंग आणि तुमचा हात. दोन्ही अपुरे पडतात. यावर एक जुना उपाय आहे. ४९ सेंटिमीटर साधी वायर घ्या, एका टोकाला छोटा रिंग टर्मिनल लावा, तो अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला टेकेल असा बसवा आणि वायर शेपटीसारखी खाली सोडा. खर्च जवळजवळ शून्य. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा रिपीटरवरून उत्तर देणारा म्हणाला, 'आता काय बदललंस? खरखर गेली.' मी फक्त शेपूट लावली होती. ४९ सेंटिमीटरची हीच वायर ७० सेंटिमीटरच्या बँडवर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) पाऊण लहरीइतकी भरते, त्यामुळे तिथेही ती चालते.

लांब व्हिप अँटेना घ्यायची तर ओळखीच्या जागेतून घ्या, नावाजलेल्या व्हिपच्या नकला फार फिरतात. घेण्याआधी सेटचा कनेक्टर पाहा. यूव्ही-५आरमध्ये सेटवर पिन असते आणि अँटेनावर भोक. जपानी कंपन्यांच्या बऱ्याच सेटांत बरोबर उलटे असते. हा एसएमए कनेक्टर सारखा उघडबंद करायला केलेला नाही. रोज अँटेना बदलणार असाल तर बीएनसी अॅडॅप्टर एकदाच बसवून टाका.

खिडकीत किंवा गच्चीवर स्वतःची अँटेना बनवायचा मोह तुम्हाला होईलच, आणि व्हायलाच हवा. एक एसओ-२३९ कनेक्टर, मधल्या पिनेला ४९ सेंटिमीटरची उभी तार, चार कोपऱ्यांना त्याहून जराशा लांब चार तारा ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. झाली ग्राउंड प्लेन अँटेना. तारा खाली वाकवल्या की तिचा इंपीडन्स (विद्युत अडथळा) सेटला लागणाऱ्या ५० ओमच्या जवळ येतो, म्हणून वेगळे काही जुळवावे लागत नाही. अँटेनापासून सेटपर्यंतची कोऍक्स केबल मात्र आखूड ठेवा. पातळ आरजी-५८ ची १० मीटर केबल ७० सेंटिमीटरच्या बँडवर निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच खाते.

इथे स्वस्त सेटची खरी मर्यादा समोर येते. गच्चीवर छान अँटेना लावली, केबल खोलीत आणली, सेटला जोडली आणि आधी रबरी अँटेनावर येणारा रिपीटरसुद्धा गायब झाला, असे तुमच्याही बाबतीत होऊ शकते. अँटेना चुकलेली नसते. सेट बहिरा झालेला असतो. या सेटांच्या पुढच्या भागात गाळणी फार ढिली असते. मोठ्या अँटेनातून एफएम केंद्रे, पेजर, आसपासचे बिनतारी मनोरे असे सगळे एकदम आत घुसते आणि चिप गांगरते. खात्री करायची तर मध्ये १० डेसिबलचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा छोटा तुकडा, लावा. सिग्नल कमी करूनही दूरचे स्टेशन जास्त स्पष्ट झाले तर रोग हाच. मग बँडपास फिल्टर, म्हणजे फक्त हवा तो पट्टा आत सोडणारी गाळणी, हा उपाय. पण चाचणी करताना एक जपा: तो इवलासा अॅटेन्युएटर मध्ये असताना पीटीटी दाबू नका. पाच वॅटमध्ये तो जळतो.

आता त्या ज्येष्ठांच्या 'कचरा' या शब्दाकडे येतो. त्यांचे बोलणे तुम्हाला लागले असेल, पण त्यामागे खरी काळजी आहे. पूर्वी हँडी म्हणजे मिक्सर, क्रिस्टल फिल्टर, मधल्या फ्रिक्वेन्सीचे टप्पे अशी सुट्या भागांची दाटी असायची, आणि किंमतही तशीच. यूव्ही-५आर २०१२ च्या सुमारास आला तो आरडीए१८४६ नावाची एकच चिप घेऊन, आणि त्या चिपमध्ये जवळजवळ सगळा रेडिओ मावला. क्वानशेंग कंपनीच्या यूव्ही-के५ या सेटमध्ये बीके४८१९ ही चिप तेच काम करते. सेट इतके स्वस्त झाले ते यामुळे, आणि परवाना मिळाल्यावर वर्षानुवर्षे सेटसाठी पैसे साठवणाऱ्यांना वाट मोकळी झाली. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. पण चिपनंतर पॉवर अॅम्प्लिफायर येतो आणि त्याच्यानंतर वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा लो-पास फिल्टर, म्हणजे काही कॉइल आणि कपॅसिटर. काटकसर नेमकी तिथे होते.

परिणाम काय? तुम्ही १४५ मेगाहर्ट्झवर बोलता तेव्हा २९० वर दुसरी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतला नको असलेला सिग्नल) निघते आणि ४३५ वर तिसरी. २९० चा पट्टा अनेक देशांत लष्करी विमानांच्या बोलण्याचा असतो. ४३५ तर आपल्याच ७० सेंटिमीटर बँडच्या पोटात. अमेरिकेच्या नियमांनुसार दोन मीटरवरच्या अशा छोट्या सेटमधून निघणारा कोणताही अनाहूत सिग्नल २५ मायक्रोवॅटच्या वर जाता कामा नये. पाच वॅटच्या मानाने हा दोन लाखावा हिस्सा झाला.

आमच्या क्लबात आम्ही अधूनमधून टेबलावर स्पेक्ट्रम अॅनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारे यंत्र) मांडतो आणि ज्याला हवे त्याचा सेट तपासून देतो. एकदा दोन मैत्रिणी एकाच मॉडेलचे, एकाच पार्सलातून आलेले दोन सेट घेऊन आल्या. पहिला लावला. १४५ वर उंच सुळका, २९० वर जेमतेम दिसेल असा टिंब, ६२ डेसिबल खाली. उत्तम. दुसरा लावला तर २९० वर बोटभर उंच दुसरा सुळका, फक्त ३८ डेसिबल खाली. सेट तेच, रंग तोच, आवाजही तोच. फरक फक्त पडद्यावर दिसत होता. जिचा सेट नापास झाला तिचा चेहरा पडला. त्याच दुपारी आमच्यातल्या एकाने ड्रिल बिटच्या दांड्यावर एनॅमलची तार गुंडाळून तीन कॉइल केल्या, चार कपॅसिटर जोडले आणि डबीत बसवून अँटेनाच्या वाटेत तो फिल्टर घातला. २९० चा सुळका खाली बसला. त्या फिल्टरमधून ४३५ जात नाही, म्हणून आता ती तो सेट फक्त दोन मीटरवर वापरते, आणि चांगला वापरते. हे सांगायचे कारण इतकेच की मॉडेलच्या नावावरून कोणताही निवाडा करता येत नाही. तुमच्या हातातला सेट मोजावा लागतो. त्या ज्येष्ठांकडेच जा आणि म्हणा, 'माझा सेट तपासून द्याल का?' 'कचरा' म्हणणारी बरीच माणसे या प्रश्नावर बाह्या सरसावून उठतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. घरी संगणकाला लावायच्या टीव्हीच्या डाँगलवर तपासायचा विचार असेल तर जपून. जवळच्या सेटच्या जोराने डाँगल स्वतःच भांबावतो आणि नसलेले सुळके दाखवतो.

त्यांच्या रागाचे दुसरे कारण परवाना. यूव्ही-५आर साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट करू शकतो. या पट्ट्यात हॅमचे बँड म्हणजे लहानशा फटी. बाकी सगळीकडे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, जहाजे आहेत. १५६.८०० मेगाहर्ट्झ हा समुद्रावरचा संकटाचा चॅनेल आहे आणि हा सेट चुकूनही तिथे दाबला जाऊ शकतो. ट्रान्समिट करायला परवाना जवळजवळ सगळ्या देशांत लागतो. ऐकण्याचे आणि सेट जवळ बाळगण्याचे नियम मात्र देशागणिक वेगळे आहेत, ते तुमच्याकडचे आधी वाचा. कुटुंबात बोलण्यासाठी काही देशांत बिनपरवान्याचे चॅनेल असतात, जसे युरोपात अर्ध्या वॅटचा पीएमआर-४४६. पण तिथे अँटेना सेटला कायमची जोडलेली असावी लागते, म्हणजे हा सेट तिथेही चालत नाही. तुम्ही परीक्षेची तयारी करता आहात, तोवर एक युक्ती करा. चर्पमध्ये प्रत्येक चॅनेलच्या डुप्लेक्स या रकान्यात 'ऑफ' भरा. त्या चॅनेलवर सेट ऐकेल, पण पीटीटी दाबले तरी बोलणार नाही. मग कीपॅड लॉक करा आणि निश्चिंतपणे ऐका.

ऐकायला काय आहे? सगळ्यात आधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते, म्हणजे त्याचे क्षितिज दोन हजार किलोमीटरहून लांब. तुमच्या डोक्यावर असताना मध्ये ना इमारत ना डोंगर. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून पृथ्वीवरच्या हॅमशी संवाद साधला तोसुद्धा हातात धरायच्याच सेटवरून, खिडकीला अँटेना लावून. स्थानकावरचे अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. अधूनमधून याच फ्रिक्वेन्सीवर एसएसटीव्हीची, म्हणजे आवाजाच्या रूपात पाठवलेली, चित्रे येतात. त्या वेळी सेटच्या स्पीकरजवळ मोबाइल धरून ती उलगडणारे अॅप चालू ठेवा. एक चित्र उतरायला दोन मिनिटे लागतात आणि ओळीमागून ओळ उमटताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. स्थानकावरचा रिपीटर चालू असतो तेव्हा तो ४३७.८०० वर ऐकू येतो. तिथे डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून मी पाच चॅनेल भरून ठेवले आहेत: ४३७.८१०, मग .८०५, .८००, .७९५ आणि शेवटी .७९०. स्थानक उगवताना पहिला लावायचा आणि ते मावळतीकडे जाईल तसे एकेक खाली यायचे. १४५.८०० वर सरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच राहते, तिथे काही करावे लागत नाही. अँटेना स्थानकाकडे टोकाने रोखू नका, तिच्या टोकातून फार कमी ऐकू येते. सेट आडवा धरा आणि आवाज विरळ झाला की मनगट हळूहळू फिरवा. स्थानक कधी जाणार ते सांगणारी मोफत अॅप आहेत. एक फेरी जेमतेम दहा मिनिटांची असते.

आपत्तीत उपयोगी पडेल म्हणून सेट कपाटात ठेवणारे खूप भेटतात, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा हॅम चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला होता आणि त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क धरून ठेवला. तो धरता आला कारण त्यांचे एचएफ (दूरवर पोहोचणाऱ्या लहरींचे) सेट आणि अँटेना आधीपासून उभे होते, आणि माणसे रोज बोलणारी होती.

दुसरा सेट कधी घ्यावा? गर्दीच्या शहरात बाहेरची अँटेना लावायची असेल आणि फिल्टर लावूनही सेट बहिरा राहत असेल, तेव्हा जुन्या पद्धतीचा, नीट गाळणी असलेला सेट घ्या, वापरलेला मिळाला तरी चालेल. किंवा घरी ठेवायला २५ ते ५० वॅटचा, गाडीत बसवतात तसा, मोबाइल सेट. उपग्रहांवर बोलायचे झाले तर दोन हँडी उपयोगी पडतात, एक बोलायला आणि दुसरी स्वतःचा परतलेला आवाज ऐकायला, म्हणून पहिली विकू नका. मात्र एसओ-५० सारख्या उपग्रहाला १४५.८५० वर बोलताना तुमची तिसरी हार्मोनिक ४३७.५५० वर येते आणि उपग्रहाचा सिग्नल खाली येतो ४३६.७९५ वर. दोन्ही सेट हातभर अंतरावर ठेवा, नाहीतर ऐकणारा बंद पडल्यासारखा होतो. डीएमआर, डी-स्टार यांसारख्या डिजिटल प्रकारांत पहिल्याच वर्षी शिरू नका. साध्या एफएमवर कान तयार होऊ द्या.

आता भीतीबद्दल. माझी पहिली तीन मिनिटे मला आजही आठवतात. पीटीटीवरचा अंगठा घामाने निसटत होता आणि स्वतःचाच कॉलसाइन उलटा सांगितला गेला. समोरच्या आजोबांनी शांतपणे तो बरोबर करून परत म्हटला आणि विचारले, 'अँटेना कुठली लावली आहे, बाळा?' मग भीती राहिली नाही, कारण अँटेनाबद्दल मला बोलता येत होते. प्रत्येक जुन्या हॅमची सुरुवात अशीच झाली आहे, आणि नवा आवाज आला की ते सावरून घेतात. रिपीटरवर 'सीक्यू सीक्यू' (कोणी आहे का) असे ओरडायची गरज नाही. कॉलसाइन सांगा आणि म्हणा, 'ऐकतो आहे.' कोणी असेल तर उत्तर देईल. पीटीटी दाबा, मनात एक म्हणा, मग बोला, नाहीतर पहिले अक्षर कापले जाते. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरा म्हणजे श्वासाचा फुत्कार जात नाही, आणि अँटेना डोळ्यांपासून दूर. ऐकणारे 'आवाज बारीक येतो' म्हणाले तर मेनूतले डब्ल्यूएन (वाइड-नॅरो) पाहा. सेट नॅरोवर आणि रिपीटर वाइडवर असला की असे होते. कोणी बोलणे संपवले की एक-दोन सेकंद थांबा, त्या फटीत कोणाला तरी आत यायचे असते. शेवटी ७३ म्हणा, म्हणजे शुभेच्छा. 'सेव्हंटी-थ्रीज' म्हणू नका, ७३ मध्येच अनेकवचन आले.

परवाना येईपर्यंत आठवड्यातून एक नेट न चुकता ऐका आणि वही ठेवा. कोण कोणाला काय विचारतो, हजेरी कशी लावतात, नेट चालवणारा दोघे एकदम बोलले की कोणाला आधी पुढे करतो, हे सगळे कानावर बसते. परवाना मिळाला की त्याच नेटवर फक्त हजेरी लावा: कॉलसाइन, नाव, गाव, बस. वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि ऐकलेला कॉलसाइन असे चार रकाने पाडा. या शनिवारी गच्चीवर १४५.८०० लावून स्थानकाची एक फेरी ऐकायचा प्रयत्न करा. शांतता मिळाली तरी तीही लिहा. आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची सवय आत्तापासूनच लावून घ्या.